पॉलिस्टर रंगवायला बसण्याआधी

कॅरिअरची, म्हणजे रंग तंतूत शिरायला मदत करणाऱ्या द्रावकाची, बाटली उघडायच्या आधी कापड नक्की कशाचं आहे ते बघा. कडेचा दोरा चिमट्यात धरून जाळा. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक गोळी उरते. नुसती भुरभुरीत राख पडली तर ते सुती किंवा व्हिस्कोस, त्याला या खटाटोपाची गरज नाही. अॅसिटेटची शंका असेल तर ज्योत विझवून, दुसऱ्या दोऱ्यावर अॅसिटोनचा थेंब टाका. दोरा चिकट होऊन विरघळला की समजा अॅसिटेटच. ते ८० अंशांच्या आसपास आपसूक रंग घेतं. लेबलवर स्पॅन्डेक्स दिसलं तर मी तरी द्रावकाच्या वाटेला जाणार नाही, त्याची लवचीकताच जाते.

पॉलिस्टरचे तंतू इतके घट्ट की कारखान्यात दाबाच्या यंत्रात १३० अंशांपर्यंत तापवून रंग आत घालतात. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर अडकतं. तिथे बेन्झिल अल्कोहोलसारखा कॅरिअर तंतूत शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या सैल करतो. फिक्या छटेला तो बहुधा लागत नाही. काळा, गडद निळा, मरून करायचा असेल तरच आणा. जुन्या साठ्यातलं ट्रायक्लोरोबेन्झिन फुकट मिळालं तरी नको, ते विषारी आहे. आणि अॅसिटोन गरम पातेल्यात कधीच ओतायचं नाही. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते.

रंग डिस्पर्सच हवा, म्हणजे पाण्यात न विरघळता बारीक कणांनी पसरणारा. पूड कोमट पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतात. मीठ आणू नका, इथे त्याचा उपयोग नाही. सामू (पीएच) ५ च्या आसपास आणायला थोडं अॅसेटिक अॅसिड पुरतं. भांडं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नाही. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा.

कापड आधी साबण-सोड्यात धुऊन घ्या, गिरणीतलं तेल राहिलं की पट्टे पडतात.

खरी गोम कॅरिअर मिसळण्यात आहे. बेन्झिल अल्कोहोल पाण्यापेक्षा किंचित जड. तसंच ओतलं तर थेंब तळाशी जाऊन कापडावर बसतात आणि तेवढ्याच जागी रंग गडद चढतो. हे डाग मग निघत नाहीत. म्हणून वेगळ्या काचेच्या बाटलीत कॅरिअर, गरम पाणी आणि इमल्सिफायर (तेलकट द्रव पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून मिश्रण दुधाळ होईपर्यंत हलवा, मगच पातेल्यात. प्रमाण उत्पादकाच्या पत्रकातलं, आणि आधी हातभर तुकड्यावर. ७० अंशांनंतर आच हळूहळू वाढवा, मिनिटाला एखाद-दुसरा अंश, कारण रंग तिथूनच झपाट्याने चढतो.

शेवटच्या धुण्याचं सामानही आधीच काढून ठेवा: लिटरला २ ग्रॅम हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट), २ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ७०-८० अंशांवर १५ ते २० मिनिटं. वरवर बसलेला रंग याने सुटतो. तंतूत मुरलेला कॅरिअर मात्र कडक उष्णतेनेच उडतो, तेव्हा कापडाला सोसेल इतकी गरम इस्त्री उघड्या खिडकीशी फिरवा. तो आत राहिला तर वास येत राहतो आणि उन्हात रंग लवकर उडतो.