पॉलिप घराण्यात आहे का? आधी वंशावळ मांडा

घरात कुणाच्या मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) निघाला की लोक थेट जनुकीय तपासणीचा भाव विचारत सुटतात. थांबा नं. आधी मोठा कागद घ्या आणि वंशावळ मांडा. पुरुष चौकोनात, बायका गोलात, गेलेल्यांवर तिरपी रेघ. आजोळही घ्या. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ मारा. एमयूटीवायएच जनुकाचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच पॉलिप होतात, नि नात्यातल्या लग्नात तसा योग जास्त.

प्रत्येकासमोर आजार आणि निदानाचं वय लिहा. वयच कुणाला आठवत नाही. आमच्या मोठ्या बाबांच्या कॅन्सरचं निदान झालं ते साल कोणी सांगेना. शेवटी आत्या म्हणाली, "तुझी दहावी झाली नं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात." शाळेच्या दाखल्यावरून जन्मसाल काढलं, वय निघालं ४४. "मूळव्याधीनं गेले" यावर लगेच विश्वास ठेवू नका, तो आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. काकूची पिशवी काढली असेल तर का काढली तेही विचारा. लिंच सिंड्रोममध्ये, म्हणजे घराण्यात आतड्याचा कॅन्सर चालत येणाऱ्या जनुकीय आजारात, गर्भाशयाचाही कॅन्सर होतो. जुने बायोप्सी रिपोर्ट गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांखाली शोधा.

आता कागद वाचा. एकेकाला शेकडो पॉलिप असतील तर एफएपीचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या ढीगभर पॉलिपच्या आजाराचा, संशय घ्यायचा. दोष एपीसी जनुकात असतो, प्रत्येक अपत्याला तो मिळायची शक्यता ५० टक्के, म्हणून मुलांची आतड्याची तपासणी १०-१२ व्या वर्षापासूनच. पॉलिप थोडे पण पन्नाशीच्या आत कॅन्सर, तोही दोन-तीन जणांना, तर लिंच. त्यात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं) साधारण २०-२५ व्या वर्षापासून, दर १-२ वर्षांनी. यातलं काही नसलं, पण आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत कॅन्सर झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे अगोदर येईल ते. म्हणजे मोठ्या बाबांच्या मुलांना ३४.

रक्ताची जनुकीय तपासणी आजार झालेल्याची आधी करा. दोष सापडला की बाकीच्यांना तेवढाच शोधायचा असतो, खर्चही वाचतो. 'अर्थ अनिश्चित' असा रिपोर्ट आला तर त्यावर कुठलाच निर्णय घेऊ नका. नागपुरात मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, मिहानमधलं एम्स आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. जनुकीय समुपदेशन कुठे, कोणत्या वारी मिळतं, ते निघण्याआधी विचारून घ्या.

कोलोनोस्कोपीआधीचं पथ्य मात्र नागपूरकराला जड जातं. डॉक्टर सांगतील तितके दिवस संत्री बंद, चण्याच्या रश्श्याचे तर्री पोहेही बंद. रेषा नि सालं आतड्यात राहिली तर छोटा पॉलिप दिसत नाही. लाल सरबतही नको, आत रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायचं औषध थंड करून प्या, चव बरी लागते.

पॉलिप काढला तर बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. 'अ‍ॅडेनोमा' (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) लिहिलं असेल तर किती, केवढे आणि पुढची कोलोनोस्कोपी कधी, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी सगळ्या भावंडांना पाठवा.