कुलसंमेलनात घराण्याचा वारसा कसा नोंदवावा

वार्षिक कुलसंमेलनाची आखणी करताना कार्यक्रमपत्रिकेतले पहिले दोन तास वंशावळ आणि जुनी छायाचित्रे यांच्यासाठी राखून ठेवावेत. हे काम दुपारवर ढकलले, तर ज्यांच्याकडून माहिती घ्यायची ती वडीलधारी मंडळी तोवर थकलेली असतात, आणि गोंगाटात ज्यांना नीट ऐकू येत नाही ती गप्प बसतात. स्थळ, खर्चाची वाटणी आणि यजमानपद या गोष्टी शाखांनी आळीपाळीने सांभाळल्या की सुरळीत पार पडतात. वारशाच्या नोंदीसाठी मात्र प्रत्येक शाखेतून एक जबाबदार व्यक्ती वर्षभरासाठी नेमावी.

संमेलनाच्या दोन महिने आधी प्रत्येक घरातून छायाचित्रे, पत्रे आणि दस्तऐवज मागवावेत, त्यांचे स्कॅनिंग करून मूळ वस्तू ज्याच्या त्याला परत कराव्यात. जुनी छायाचित्रे आकाराने लहान असल्याने ती किमान ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करावीत. जतनाची प्रत टिफ या चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल स्वरूपात ठेवावी आणि वाटण्यासाठी आकाराने लहान अशी जेपेग फाइल वापरावी. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई पसरते. मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहिणे सुरक्षित असते. चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रांना त्या गोंदानेच इजा होते, म्हणून ती जपून बाहेर काढावीत. जी सुटत नाहीत, ती ओढू नयेत, पानासकटच स्कॅन करावीत.

संमेलनात या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती टेबलांवर मांडाव्यात. प्रत्येक समूहचित्राशेजारी त्यातील माणसांच्या नुसत्या बाह्यरेषा काढलेला कागद ठेवावा आणि ओळख पटेल तसे त्या आकृत्यांमध्येच नाव लिहावे, म्हणजे ‘डावीकडून तिसरा’ हा घोळ राहत नाही. दोन वडीलधाऱ्यांची मते जुळली नाहीत, तर दोन्ही नावे सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत. निकाल तिथल्या तिथे लावण्याची घाई करू नये, कारण पुढे एखादे पत्र सापडून तोच प्रश्न आपोआप सुटू शकतो.

आठवणींचे ध्वनिमुद्रण वेगळ्या, शांत खोलीत करावे. फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा आणि सुरुवातीलाच तारीख, स्थळ व बोलणाऱ्याचे नाव उच्चारावे. ‘जुने दिवस कसे होते?’ असे विचारल्यास ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी ‘तुमच्या लहानपणी घरात कोण कुठे झोपत असे?’ असे विचारून त्या घराचा नकाशा काढायला सांगावा. एकेक खोली कागदावर उतरते, तशी त्या खोलीतली माणसे, आजारपणे, भांडणे आणि समेट बोलण्यात येऊ लागतात. प्रश्न विचारायला शक्यतो नातवंडांना बसवावे, कारण लहानांना सांगताना मोठी माणसे एरवी गृहीत धरलेल्या गोष्टीही उलगडून सांगतात. उत्तरानंतर थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा महत्त्वाचे बोलणे त्या विरामानंतरच येते.

वंशावळीत एकच नाव पिढ्यान्पिढ्या परत येते, त्यामुळे प्रत्येकाला क्रमांक द्यावा. मूळ जोडपे १, त्यांची अपत्ये १.१ आणि १.२, त्यापुढील १.२.१, अशा रचनेत क्रमांकावरूनच पिढी आणि शाखा कळते. लेकींची व त्यांच्या वंशजांची नोंद मुलग्यांइतकीच पूर्ण ठेवावी, तसेच दत्तक आलेली आणि बालपणीच गेलेली मुलेही वगळू नयेत. त्यांच्यावाचून काढलेली वंशावळ मला खोटी वाटते. जन्मसाल नक्की ठाऊक नसेल, तर ‘सुमारे’ लिहून अंदाजाचा आधार नोंदवावा. संगणकावर ही माहिती १९८४ पासून प्रचारात असलेल्या जेडकॉम (GEDCOM) या वंशावळीच्या फाइल स्वरूपातही साठवावी, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी ती वाचता येते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते सर्वांना वाटायच्या प्रतीत घालू नयेत.

सर्व साहित्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. दरवर्षी संमेलनाआधी प्रत्येक प्रत उघडते की नाही हे तपासावे. ओळख न पटलेल्या छायाचित्रांची यादी संमेलनानंतर पंधरवड्याच्या आत सर्व शाखांना पाठवावी, आणि जे वृद्ध येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ती छायाचित्रे घेऊन कोणी आणि कधी जायचे, हे सर्वांनी निरोप घेण्यापूर्वीच ठरवावे.