कॉम्प्युटर चालू होत नाहीये? आधी तो कुठे अडतोय ते बघा

"कॉम्प्युटर चालू होत नाहीये" हे एकच वाक्य आपण चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरतो, त्यामुळे दुकानात कोणी मदरबोर्ड गेलाय म्हणतं तर कोणी थेट फॉरमॅटच मारायला सांगतं. म्हणून काहीही उघडायच्या आधी पॉवर बटण दाबा आणि दोन मिनिटं नुसतं बघा, ऐका. पंखा फिरतोय का, बीप येतोय का, कंपनीचा लोगो दिसतोय का, की लोगोनंतर विंडोज अडकतंय? जिथे गाडी थांबते तिथूनच तपासायला सुरुवात करायची.

१. काहीच होत नाही, लाईट नाही पंखा नाही

त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा, कारण यूपीएसची बॅटरी काही वर्षांत उतरतेच आणि संशय मात्र पीसीवर जातो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा डबा) छोटा स्विच असतो, साफसफाई करताना तो धक्का लागून बंद झालेला असू शकतो. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा कॅबिनेटला पण चालते, ती लावून बघा. एवढं करूनही ढिम्मच असेल तर एसएमपीएस दुसरा लावून तपासून घ्या, पण तो स्वतः कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि जोरात शॉक बसू शकतो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, परत चार्जर लावा आणि चालू करा. बऱ्याचदा एवढ्यानेच जिवंत होतो.

२. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही

पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत, इथे पहिला संशय रॅमवर (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी) घ्यावा. पण त्याआधी एक बघा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डलाच लावलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

आता रॅम. प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. क्लिपा उघडून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा सगळा झटकून टाका (तो स्लॉटमध्ये जाता कामा नये), स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, मग खाच जुळवून टक्क आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, स्लॉट पण बदलून बघा. डीडीआर ५ वाल्या बोर्डवर रॅम काढघाल केल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, तेव्हा घाईने बंद करू नका.

बीपचा अर्थ बायोसप्रमाणे (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम) बदलतो, तरी परत परत येणारे लांब बीप बहुतेक वेळा रॅमचेच असतात. नव्या बऱ्याच बोर्डांवर स्पीकरऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार छोटे दिवे असतात, जो पेटून राहतो तिथे अडलंय.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल आणि चालू होताना एफ १ दाबायला सांगत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल बदला.

३. लोगो येतो, मग 'नो बूटेबल डिव्हाइस'

म्हणजे पीसीला विंडोज असलेली डिस्क सापडत नाहीये. लावलेले पेनड्राइव्ह आधी काढा! मग चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्क दिसतेय का बघा. दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये ती वर आणा, नसेल तर डिस्कची साटा केबल काढून घट्ट लावा. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिथेच थांबा, परत परत चालू केलं तर डेटा वाचायची शक्यता कमी कमी होत जाते.

४. विंडोज अडतं

अपडेट चालू असेल तर वेळ द्या. नाहीतर दोन-तीनदा स्टार्ट होताना अडलं की विंडोज स्वतःच रिपेअरची स्क्रीन दाखवतं. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप रिपेअर. जमलं नाही तर तिथूनच शेवटचं अपडेट काढता येतं, किंवा स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबलं की सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज) मिळतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, त्यातली खूप मशीन सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करून सुरू झाली, फॉरमॅट न मारता आणि बोर्ड न बदलता.

बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका, घरच्या पीसीची की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघा.

आणि फॉरमॅट शेवटीच, तेही डेटा काढल्यावर. डिस्क दुसऱ्या पीसीला जोडून किंवा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (पेनड्राइव्हवरूनच चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून फोटो, कागदपत्रं कॉपी करून घेता येतात. दुकानदार "फक्त सी ड्राइव्ह उडवतो, बाकी तसंच राहील" म्हणाला तरी लक्षात ठेवा, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही फोल्डर साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात.