मेरापी ज्वालामुखीचा छेद वहीत कसा काढावा

भूगोलाच्या तासाला मी मुलांना तयार रंगीत आकृती उतरवू देत नाही, मोजून काढायला लावते. तयार आकृतीत डोंगर अवाढव्य असतो आणि पृथ्वी चिमूटभर. त्यात खाली जाणारी प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा तुकडा, घासून तापते आणि वितळते, असा गैरसमजही पुष्कळांच्या डोक्यात बसलेला असतो. तो काढून टाकण्यासाठीच हा खटाटोप.

आधी नकाशात इंडोनेशियातलं जावा बेट शोधा; मेरापी तिथेच आहे. त्याच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, बेटाला समांतर जाणारी गडद निळी पट्टी दिसेल. ती सागरी गर्ता, जास्तीत जास्त सात किलोमीटरहून अधिक खोल. समुद्रतळाची प्लेट इथून जावाखाली जाऊ लागते. तिथून उत्तरेला मेरापीपर्यंत मोजा. अंतर साधारण 300 किमी भरतं.

आता आलेख कागद आडवा धरा. 1 सेमी म्हणजे 25 किमी, आणि उभं-आडवं प्रमाण एकच. इथे तडजोड नको. डावीकडे गर्तेची खूण करा, तिच्यापासून 12 सेमीवर मेरापी. मेरापीची उंची सुमारे 2,900 मीटर, म्हणजे कागदावर जेमतेम एक मिलिमीटर! मुलं हिरमुसतात. हिरमुसू द्या; खरं काम या टिंबाखाली चाललंय हे त्यांना तेव्हाच कळतं.

गर्तेपासून उजवीकडे प्लेटची रेघ काढा, आधी उतरती आणि पुढे जास्त तीव्र. मेरापीच्या खाली ती चार ते पाच सेंटीमीटर खोल गेली पाहिजे. हा आकडा मनाचा नाही. प्लेट खाली जाते तिथे भूकंपांची केंद्रंही तिरकी खोल उतरत जातात. जपानच्या कियो वदाती यांनी त्यांच्या देशाखाली हे दाखवून दिलं. जगभरात अशा ज्वालामुखींच्या रांगांखाली प्लेट बहुतेक शंभर किलोमीटर किंवा त्याहून काहीशी खोल सापडते. जावाखाली ती वर्षाला सहा-सात सेंटीमीटर सरकते.

आता निळी पेन्सिल घ्या. समुद्रतळाच्या खडकांत पाणी खनिजांमध्ये बांधलेलं असतं, सर्पेंटाइनसारख्या. रेघेलगत निळे ठिपके द्या. खोल गेल्यावर दाब आणि उष्णता वाढते, खनिजं मोडतात, पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरतं. म्हणून मेरापीखाली निळे बाण वर काढा. तिथला खडक आधीच प्रचंड तापलेला, पण दाबामुळे घट्ट. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकलं की तो शून्याखालीही वितळतो ना, तसंच पाण्यामुळे या खडकाचा वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो. लाल रंग प्लेटवर नको, तिच्या वरच्या पाचरीत, म्हणजे प्लेट आणि कवच यांच्यामधल्या निमुळत्या प्रावरणात भरा. प्लेट तर भोवतालच्या खडकापेक्षा थंड असते. अगदी तरुण, गरम प्लेट क्वचित स्वतःही थोडी वितळते, पण जावाखालची जुनी आहे.

हा शिलारस वर येताना कवचात थबकतो, बदलतो, सिलिका वाढून चिकट होतो. त्यात विरघळलेलं पाणी वाफ होऊन सुटायला धडपडतं. म्हणून स्फोट.

इथे हमखास प्रश्न येतो: मग आपला सह्याद्रीही असाच? नाही. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पातळ लाव्हा थरांवर थर पसरून झाला. तिथे खाली जाणारी प्लेट नव्हती. पण आमच्या जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ, कुकडीच्या काठी, राखेचा थर आहे. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात, आणि टोबा याच गर्तेच्या रांगेतला. कुठल्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. मुलांना तो थर दाखवायला अवश्य न्या.

पुढचा छेद अंदमानातल्या बॅरन बेटाचा काढून घ्या. तो ज्वालामुखी दीर्घ शांततेनंतर 1991 मध्ये पुन्हा जागा झाला. तिथे भारतीय प्लेट पूर्वेकडे खाली जाते, तेव्हा गर्ता अंदमानच्या पश्चिमेला शोधा आणि कागदाची डावी बाजू पश्चिम धरा.