लसूण बाधतो? मग फोडणी अशी करा

आयबीएस म्हणजे वारंवार पोट दुखणं, शौचाचं तंत्र बिघडणं असा आतड्याचा विकार. तो असलेल्यांना उसळ, कोबी, कांदा-लसूण खाल्ला की पोट फुगतं, मुरडा येतो. म्हणून सगळंच बंद करायची गरज नसते. लसणातलं त्रासदायक फ्रुक्टन (आतड्यात न पचणारं एक कर्बोदक) पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेव्हा अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तेलात तांबूस होऊ द्या, काढून टाका, आणि त्याच तेलात मोहरी-जिरं तडतडवा. वास घरभर सुटतो, पोट गप्प राहतं. आमटीत उकळलेल्या पाकळ्या मागाहून वेचून मात्र उपयोग नाही. जे उतरायचं ते तोवर रसात उतरलेलं असतं.

कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात मऊ शिजवा. राजमा, छोल्यांपेक्षा बिनसालीची मूगडाळ बहुतेकांना सोसते, तीही आधी वाटीभर पातळ वरण म्हणून.

सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचाच. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

शौचातून रक्त, घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर स्वयंपाकघर सोडून डॉक्टर गाठा. क्रोन्समुळे (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) आतडं अरुंद झालं असेल तर चोथा किती खायचा, तेही त्यांनाच विचारा.