बॅकअपवरून क्लोन आणि त्यावर अपग्रेड: नवीन डीबीए मंडळींसाठी

ओरॅकल डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) कामात नवीन असाल आणि टीममधे कुठं अपग्रेडची चर्चा चालू असेल, तर क्लोन (डेटाबेसची वेगळ्या सर्व्हरवर हुबेहूब प्रत) करून अपग्रेडची रंगीत तालीम करायचं काम स्वतःहून मागून घ्या. एरवी पहिली दोन वर्षं पासवर्ड रीसेट करा, टेबलस्पेस वाढवा, युजर अनलॉक करा ह्यातच जातात, आणि मग इंटरव्ह्यूला कोणी विचारलं की रीस्टोअर कधी केलंय का तर माणूस गप्प. ह्या एका कामात बॅकअप, रीस्टोअर, रिकव्हरी, पॅरामीटर, पॅचिंग सगळं हाताखालून जातं, आणि प्रॉडक्शनला (रोजच्या वापरातल्या खऱ्या डेटाबेसला) धक्का लागायची भीती कमी.

उदाहरण म्हणून ११.२.०.४ वरून १९सी घेऊ, कारण बऱ्याच ठिकाणी जुनी सिस्टीम अजून तिथंच अडकलेली असते. काम असं की जुन्या सर्व्हरचा आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं टूल) बॅकअप घ्यायचा, नवीन सर्व्हरवर फक्त १९सी चं ओरॅकल होम, म्हणजे सॉफ्टवेअरचं फोल्डर, टाकायचं (जुनं होम तिथं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), बॅकअप तिथं रीस्टोअर करायचा आणि तिथंच अपग्रेड.

पण आधी रस्ता आहे का ते बघा. १९सी ला थेट उडी ११.२.०.४, १२.१.०.२, १२.२.०.१ आणि १८सी वरूनच मारता येते. तुमचा ११.२.०.३ असेल तर आधी ११.२.०.४ ला या, मग पुढं. दुसरं म्हणजे प्लॅटफॉर्म. जुना सर्व्हर एआयएक्स आणि नवीन लिनक्स असेल तर हा प्रकार विसराच, दोन्हीची एंडियन (बाइट साठवायचा क्रम) वेगळी, तिथं डेटापंप नाहीतर ट्रान्सपोर्टेबल टेबलस्पेस असा वेगळा संसार आहे. हे पहिल्या मीटिंगमधेच विचारून टाका, सर्व्हर येऊन पडल्यावर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नवीन मुलं हमखास सोडून देतात. प्रीचेक (अपग्रेडआधीची तपासणी) हा सोर्सवर, म्हणजे जुन्या डेटाबेसवर, बॅकअपच्या आधी करायचा असतो. कारण साधं आहे, १९सी च्या होममधे जुना डेटाबेस रीस्टोअर झाला की तो अपग्रेड होईपर्यंत नॉर्मल उघडतच नाही, मग तुम्ही प्रीचेक चालवणार कशावर? म्हणून ऑटोअपग्रेड ह्या ओरॅकलच्या अपग्रेड टूलची जार फाईल लेटेस्ट डाउनलोड करा (होममधे आलेली असते ती जुनी असते, ती वापरू नका), सोर्सवर अ‍ॅनलाईझ मोडमधे चालवा, तो रिपोर्ट खरंच वाचा. डिक्शनरी (डेटाबेसची स्वतःबद्दलची टेबलं) स्टॅट्स गोळा करा, रीसायकलबिन रिकामी करा, आणि इनव्हॅलिड (कंपाईल न झालेल्या) ऑब्जेक्टची यादी काढून मेलवर पाठवून ठेवा. ही यादी मी दर वेळी मेलवरच पाठवतो कारण अपग्रेड झाल्यावर अ‍ॅप्लिकेशनवाले येतातच, की आमचं पॅकेज तुमच्यामुळं इनव्हॅलिड झालं, आणि ते पॅकेज दोन वर्षांपासून तसंच पडलेलं असतं.

बॅकअप घेताना डेटाबेससोबत आर्काइव्ह लॉग (झालेल्या बदलांची नोंद) पण घ्या आणि कंट्रोल फाईलचा (डेटाबेसच्या फाईलींची नोंद असलेल्या फाईलचा) बॅकअप सगळ्यात शेवटी. डेटा एन्क्रिप्टेड असेल तर वॉलेट (एन्क्रिप्शनची किल्ली ठेवणारी फाईल) वेगळं कॉपी करावं लागतं, ते बॅकअपमधे येत नाही.

रीस्टोअरचे दोन मार्ग आहेत. मला आरमॅनची डुप्लिकेट कमांड आवडते. नवीन सर्व्हरवर छोटी पॅरामीटर फाईल बनवा, त्यात डीबी नेम, मेमरी, नवीन फाईल डेस्टिनेशन एवढं बास, कंपॅटिबल (डेटाबेस कोणत्या व्हर्जनसारखा वागेल ते ठरवणारा पॅरामीटर) मात्र जुनाच ११.२.०.४ ठेवा. इन्स्टन्स नोमाउंटला (नुसता सुरू, डेटाबेस अजून जोडलेला नाही) आणा, बॅकअप पीस एका फोल्डरमधे टाका आणि डुप्लिकेट कमांडला बॅकअप लोकेशन देऊन शेवटी नोओपन लिहा. हा नोओपन शब्द राहिला की आरमॅन सगळं रीस्टोअर करून, रिकव्हरी करून, अगदी शेवटी डेटाबेस उघडायला जातो आणि ओआरए-३९७०० देऊन आपटतो, म्हणजे डेटाबेस अपग्रेड ऑप्शननेच उघडा असं तो सांगतोय. चार तास रीस्टोअर बघत बसलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. नोओपन असेल तर डेटाबेस माउंटला (जोडलेला, पण न उघडलेला) थांबतो आणि मग आपण हाताने ओपन रीसेटलॉग्ज अपग्रेड देतो, एवढाच खेळ आहे.

दुसरा मार्ग म्हणजे हाताने कंट्रोल फाईल रीस्टोअर, कॅटलॉग (बॅकअप पीस कुठं आहेत ते सांगणं), सेट न्यूनेम (फाईलींना नवीन जागा), रीस्टोअर, रिकव्हर. शिकायला हा बेस्ट, एकदा तरी कराच. ह्यात शेवटी आरमॅन-०६०५४ येतो, की अमुक सीक्वेन्सचा आर्काइव्ह लॉग माहीत नाही. नवीन माणूस घाबरतो. अरे तो लॉग तुम्ही बॅकअपमधे घेतलाच नाही, तो मागणारच! मागितलेला नंबर तुमच्या शेवटच्या लॉगच्या पुढचा आहे का बघा, असेल तर रिकव्हरी पूर्ण झालीये, अनटिल सीक्वेन्स आधीच दिला असता तर आलाही नसता. पण नंबर मधलाच असेल तर मात्र खरंच पीस राहिलाय कॉपी करायचा. ह्या मार्गात डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख क्रमांक) जुनाच राहतो, त्यामुळं क्लोन आरमॅन कॅटलॉगला (बॅकअपच्या नोंदी ठेवणाऱ्या वेगळ्या डेटाबेसला) जोडू नका, आधी एनआयडी युटिलिटीने बदला. डुप्लिकेटमधे नवीन आयडी आपोआप मिळतो.

उघडायच्या आधी एक मिनिट थांबा. आपण क्लोन आहोत हे त्या डेटाबेसला माहीत नसतं. त्याच्यात प्रॉडक्शनचेच शेड्युलर जॉब आहेत, प्रॉडक्शनचेच डीबी लिंक (दुसऱ्या डेटाबेसशी जोडणी) आहेत, तोच मेल सर्व्हर आहे. अपग्रेड मोडमधे जॉब चालत नाहीत, पण अपग्रेड संपून नॉर्मल रीस्टार्ट झाला की ते जागे होतात. एका ठिकाणी असंच टेस्ट क्लोनमधून रात्री ग्राहकांना हप्ता थकल्याचे मेसेज गेलेले मी ऐकलंय, सकाळी कॉल सेंटरला काय झालं असेल ते तुम्हीच इमॅजिन करा. म्हणून पॅरामीटर फाईलमधेच जॉब क्यू प्रोसेसेस शून्य, मेल सर्व्हरचा पॅरामीटर काढलेला, टीएनएस फाईल (दुसऱ्या डेटाबेसचे पत्ते असलेली) कोरी, आणि नेटवर्कवाल्यांना सांगून नवीन सर्व्हरवरून प्रॉडक्शनच्या पोर्टला जायचा रस्ता फायरवॉलवर बंद. शेवटची गोष्ट त्यांच्या मागं लागून करून घ्यावी लागते. अपग्रेडच्या वेळी जॉबचा पॅरामीटर बदलला गेला असेल तर नॉर्मल उघडायच्या आधी परत तपासा.

प्रत्यक्ष अपग्रेड मग फारच बोअर असतो. डीबीअपग्रेड स्क्रिप्ट चालवा किंवा ऑटोअपग्रेड अपग्रेड मोडमधे, फेज ० पासून १०७ पर्यंत आकडे सरकत राहतात. स्क्रीन किंवा नोहप मधे चालवा, व्हीपीएन तुटला तर सेशन मेलं नको. संपल्यावर समरी लॉगमधे प्रत्येक कंपोनंट व्हॅलिड आहे का बघा, यूटीएलआरपी स्क्रिप्ट चालवून इनव्हॅलिड परत कंपाईल करा आणि ती मेलवरची यादी काढून जुळवा. टाइमझोन फाईल ११.२.०.४ मधे १४ असते आणि १९सी सोबत ३२ येते, तीही वर न्यायची असते, ऑटोअपग्रेडला सांगितलं तर तोच करतो. टेम्प फाईल बॅकअपमधे कधीच नसते, टेम्प टेबलस्पेस रिकामी दिसली तर घाबरू नका, फाईल टाका.

त्यानंतर खरी मजा, लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर आणि तरी ओआरए-०१०१७, किंवा जुना जावा क्लायंट असेल तर ओआरए-२८०४०. कारण १९सी डिफॉल्टला जुना १०जी प्रकारचा पासवर्ड हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) मानत नाही. डीबीए युजर्स व्ह्यूमधे पासवर्ड व्हर्जन्स कॉलम बघा, जिथं फक्त १०जी आहे तो युजर अडकणार. हेसुद्धा सोर्सवर आधीच बघता येतं, म्हणून मी प्रीचेकच्याच दिवशी ती क्वेरी मारतो. एसक्यूएलनेट (नेटवर्क सेटिंगच्या) फाईलमधे जुनं व्हर्जन चालू करायचा पर्याय आहे, पण तो तात्पुरता ठेवा, पासवर्ड बदलून घ्या आणि क्लायंट ड्रायव्हर नवीन टाका.

कंपॅटिबल पॅरामीटर लगेच १९ करू नका. एकदा वाढवला की खाली येत नाही आणि डाउनग्रेडचा रस्ता बंद. क्लोनवर काही बिघडत नाही पण सवय क्लोनवरच लागते ना.

मॅनेजर विचारेल प्रॉडक्शनला डाउनटाइम किती. रीस्टोअरचा वेळ डेटाच्या साइजवर जातो, अपग्रेडचा मात्र डिक्शनरीतल्या ऑब्जेक्ट आणि इन्स्टॉल असलेल्या कंपोनंटवर. कोणी वापरत नसलेला अपेक्स किंवा ओलॅप पडून असेल तर आधी काढा. दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहून ठेवा आणि क्लोनचं स्टोरेज प्रॉडक्शनपेक्षा स्लो आहे का तेही त्याच मेलमधे टाका.

घरी सराव करायचा असेल तर १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, व्हर्च्युअलबॉक्स आणि ओरॅकल लिनक्स एवढं पुरतं. जुनी व्हर्जन सहज मिळत नाहीत, म्हणून १९सी वरून २१सी करा, पायऱ्या बऱ्याचशा ह्याच आहेत. फक्त १९सी चा डेटाबेस सुरुवातीलाच कंटेनर प्रकारचा (एकात अनेक डेटाबेस ठेवता येणारा) बनवा, २१सी मधे नॉन कंटेनर चालत नाही.