पीएस क्लास सीटीच्या स्पेकमध्ये मॅग्नेटायझिंग करंट किती लिहायचा

पीएस क्लास सीटी म्हणजे प्रोटेक्शन रिलेसाठीचा खास करंट ट्रान्सफॉर्मर. त्यासाठी जुन्या टेंडरमधून "व्हीके बाय टूला ३० मिलिअँपिअर" (व्हीके म्हणजे नी पॉइंट व्होल्टेज, ज्याच्यापुढे कोर सॅच्युरेट व्हायला लागतो; बाय टू म्हणजे त्याचं निम्मं) ही ओळ उचलायची आणि नव्या स्पेकमध्ये डकवायची, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. कृपा करून असं करू नका, हा आकडा गणितातूनच काढायचा असतो आणि गणित अवघड नाहीये.

सीटी स्वतःचा कोर मॅग्नेटाइझ करायला जो करंट खातो तो रिलेला मिळत नाही. हाय इम्पिडन्स स्कीममध्ये (सगळे सीटी पॅरललमध्ये जोडून एकाच रिलेला दिलेले) तर फॉल्ट आतला असला की रिलेवर चढलेला व्होल्टेज पॅरललमधल्या सगळ्याच सीटींवर येतो आणि प्रत्येक जण आपापला वाटा खातो. म्हणून रिले सेटिंग, अधिक सीटींची संख्या गुणिले एकाचा मॅग्नेटायझिंग करंट, अधिक मेट्रोसिलचा (रिलेवरचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर) करंट, या सगळ्याला रेशोने गुणलं की प्रायमरीचा ऑपरेटिंग करंट मिळतो.

आता ३३ केव्हीचा आरईएफ (रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट प्रोटेक्शन) घ्या, सीटी ८००/१. थ्रू फॉल्ट (झोनबाहेरचा, ज्याला रिले चालायला नको) १० केए म्हणजे सेकंडरीला १२.५ अँपिअर, सीटीचा रेझिस्टन्स ४ ओहम, जाऊन-येऊन केबल २ ओहम, म्हणजे स्टेबिलिटीला ७५ व्होल्ट लागले आणि नी पॉइंट त्याच्या दुप्पट, किमान १५० व्होल्ट. रिले सेटिंग ०.१ अँपिअर. तीन फेज आणि एक न्यूट्रल असे चार सीटी ३० मिलिअँपिअरवाले घेतले तर नुसते सीटीच १२० मिलिअँपिअर खातात, रिलेच्या सेटिंगपेक्षाही जास्त! मेट्रोसिल सोडून प्रायमरीला १७६ अँपिअर झाले, म्हणजे ८०० च्या २२ टक्के. तुम्हाला १५ टक्के हवे असतील तर सेकंडरीला एकूण १५० मिलिअँपिअरच हातात आहेत, त्यातले १०० रिलेचे, उरलेल्या ५० मधून मेट्रोसिलला १० ठेवा, मग एका सीटीच्या वाट्याला १० येतात. तर स्पेकमध्ये लिहायचं: "७५ व्होल्टला कमाल १० मिलिअँपिअर".

व्होल्टेज लिहिल्याशिवाय नुसता करंट लिहिला तर त्याला अर्थच नाही. व्हीके बाय टू लिहिलं आणि मेकरने नी पॉइंट ३०० व्होल्टचा दिला तर तपासायचं कुठे, ७५ ला की १५० ला? मल्टी रेशो सीटी असेल तर कुठल्या टॅपवर तेही लिहा.

उगाच २-३ मिलिअँपिअर पण मागू नका, त्यासाठी कोर जाड करावा लागतो आणि मग सीटी पॅनलमधल्या जागेत बसत नाही. १००/१ सारख्या कमी रेशोच्या सीटीला टर्न्सच कमी, तिथे तेवढ्याच व्होल्टेजला करंट जास्त येणारच. बसबारला दहा बे (सर्किट) असतील तर वरच्या गणितात चारऐवजी दहा घाला, आकडा किती घट्ट होतो ते लगेच दिसेल.

साइटवर तपासताना लाइन बंद, प्रायमरी ओपन, सेकंडरीची अर्थ लिंक आणि रिले सोडवलेले, मग व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज हळूहळू चढवा, ट्रू आरएमएस मीटरच वापरा कारण नी पॉइंटजवळ वेव्हफॉर्म पार बिघडतो. व्होल्टेज १० टक्के वाढवल्यावर करंट ५० टक्के उडी मारतो तो नी पॉइंट. तिथून सप्लाय झटकन तोडू नका, शून्यापर्यंत सावकाश उतरवा, नाहीतर कोरमध्ये रेमनन्स, म्हणजे उरलेलं चुंबकत्व, राहतो. काम झालं की अर्थ लिंक परत लावा आणि सेकंडरी कुठे ओपन राहिली नाहीये ना, हे लाइन चार्ज करायच्या आधी स्वतः जाऊन बघा.